टीबीचा जंतू आणि आपल्या पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीबीचं निदान झालं की पहिले काही दिवस गोळ्या आणि तपासण्यांच्या धावपळीत जातात. वेगळे प्रश्न मागाहून येतात. माझ्याच शरीराने याला का रोखलं नाही? घरात इतरांना का झाला नाही? प्रतिकारशक्ती वाढवायची कशी? रुग्ण, त्यांच्या घरचे आणि विद्यार्थी सतत विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

यांतल्या बहुतेक प्रश्नांखाली एकच समजूत दडलेली असते: प्रतिकारशक्ती टाकीतल्या पाण्यासारखी असते, टाकी भरलेली असली की आजार होत नाही आणि खाली गेली की होतो. टीबीला हे लागू पडत नाही. इथे आपल्या पेशी कमी पडल्या तरी घात होतो आणि चवताळल्या तरी होतो. पुढची उत्तरं समजून घेण्यासाठी आहेत. औषधांचा कोणताही निर्णय मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

१. टीबीचे जंतू श्वासातून आत गेले की सगळ्यात आधी कोणती पेशी त्यांना गाठते?

फुप्फुसातल्या वायुकोशांत राहणारी मॅक्रोफेज, म्हणजे गिळणारी पेशी. खोकल्यातून उडालेले मोठे थेंब नाकाघशातच अडकतात. १ ते ५ मायक्रॉनचे बारीक कण मात्र तरंगत थेट वायुकोशापर्यंत पोचतात, आणि अशा एखाद्या कणातले मोजके जंतूही संसर्गाला पुरतात.

या मॅक्रोफेजचं रोजचं काम साफसफाईचं असतं. धूळ, मेलेल्या पेशी, वायुकोशातला जुना स्राव ती गिळत राहते. प्रत्येक कणावर ती भडकली असती तर फुप्फुस कायम सुजलेलं राहिलं असतं, म्हणून तिचा स्वभाव शांत असतो. नेमका हाच शांतपणा टीबीच्या जंतूच्या पथ्यावर पडतो.

२. मॅक्रोफेज जंतूला गिळते, मग तो मरत का नाही?

संपूर्ण आजाराची मेख इथे आहे, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर.

गिळलेला जंतू पेशीत मोकळा नसतो, तो एका पिशवीत बंद असतो. एरवी या पिशवीला लायसोसोम, म्हणजे पाचक विकरं भरलेल्या पेशीतल्या छोट्या पिशव्या, येऊन मिळतात. आतलं वातावरण आम्लधर्मी होतं, पीएच ५ च्या आसपास किंवा त्याहून खाली येतो, विकरं सुटतात आणि जंतू विरघळतो. टीबीचा जंतू हे मीलनच थोपवून धरतो. त्याच्या भिंतीतले मेणासारखे मेद आणि तो सोडत असलेली काही प्रथिनं पिशवीला ‘कच्च्या’ अवस्थेत अडकवून ठेवतात. पीएच ६.२ ते ६.४ च्या घरात राहतो, आणि त्यात त्याचं बरं चालतं.

पुढची चाल अधिक आक्रमक आहे. ईएसएक्स-१ नावाच्या यंत्रणेतून जंतू ईसॅट-६ सारखी प्रथिनं बाहेर टाकतो आणि पिशवीच्या पडद्याला इजा करतो. (हे नाव लक्षात ठेवा, प्रश्न १० आणि १४ मध्ये ते पुन्हा येईल.) त्यानंतर पेशी कशी मरते याला फार महत्त्व आहे. ती शिस्तीने, स्वतःला आवरून मेली तर जंतू तिच्या अवशेषांतच गुंडाळलेले राहतात आणि शेजारची पेशी ते सगळं गिळून टाकू शकते. ती फुटून मेली तर जंतू बाहेर सांडतात. वाढलेल्या जंतूंना हे फुटणंच सोयीचं असतं.

या जंतूला घाई अजिबात नसते. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला १८ ते २४ तास लागतात. उपचार महिनोन्‌महिने चालण्यामागे हा संथपणा हे एक कारण आहे.

३. टी पेशी मदतीला यायला इतके आठवडे का लागतात?

टी पेशी म्हणजे विशिष्ट जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांना निरोपच उशिरा पोचतो. निरोप नेण्याचं काम डेंड्रिटिक पेशींचं. त्या जंतूचे तुकडे घेऊन फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसिका ग्रंथींत जातात आणि लाखो टी पेशींमधून ते तुकडे ओळखणारी नेमकी पेशी तिथे शोधली जाते. फ्लूमध्ये हे काम झटपट उरकतं, आठवड्याभरात टी पेशी फुप्फुसात हजर होतात. टीबीत जंतू मॅक्रोफेजमध्ये लपलेले असतात, ते डेंड्रिटिक पेशींच्या प्रवासातही खोडा घालतात. माणसात संसर्गानंतर टी पेशींची त्वचेवरची चाचणी (प्रश्न १०) पॉझिटिव्ह व्हायला साधारण २ ते ८ आठवडे जातात. तेवढ्या काळात जंतूंनी बस्तान बसवलेलं असतं.

४. टी पेशी आल्यावर नेमकं काय बदलतं?

सीडी४ टी पेशी स्वतः जंतू मारत नाहीत. त्या मॅक्रोफेजला हुकूम देतात. इंटरफेरॉन गॅमा हा त्यातला मुख्य हुकूम. तो मिळाला की प्रश्न २ मधली अडलेली पिशवी पुढे सरकते, आम्ल वाढतं, मॅक्रोफेज विषारी नायट्रोजन-संयुगं बनवते आणि स्वतःच्या आतला कचरा वेढून जिरवण्याची यंत्रणा सुरू करते. टीएनएफ हा दुसरा संदेश पेशींना एकत्र धरून ठेवतो. उलट बाजूने मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक पेशी इंटरल्युकिन-१२ हा संदेश बाहेर टाकतात आणि टी पेशींना चेतवतात.

ही साखळी किती मोलाची आहे, ते काही दुर्मिळ मुलांकडे पाहिलं की कळतं. इंटरल्युकिन-१२ किंवा इंटरफेरॉन गॅमाचा ग्राहक (संदेश पकडणारं पेशीवरचं प्रथिन) जन्मतःच सदोष असलेल्या मुलांना बीसीजी लशीतला दुबळा जंतूसुद्धा गंभीर आजारी करू शकतो. इतर अनेक संसर्गांशी ही मुलं नीट लढतात.

सीडी८ टी पेशी संसर्ग झालेल्या पेशीला छिद्र पाडून आत मारक प्रथिनं सोडतात. एनके आणि गॅमा-डेल्टा टी पेशी या इतर प्रकारच्या पेशीही हातभार लावतात, पण सीडी४ ची जागा त्या भरून काढत नाहीत. प्रश्न १२ मध्ये हे दिसेल.

५. ग्रॅन्युलोमा हा जंतूंचा तुरुंग आहे की त्यांचं घर?

ग्रॅन्युलोमा म्हणजे जंतूंभोवती पेशी जमून बनलेली गाठ. ती दोन्ही असते, आणि कोणत्या वेळी काय, हे गाठीगाठीवर अवलंबून असतं.

सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ एकदा पाहिली की विसरत नाही. मधोमध फिकट गुलाबी, रेघा-आकार हरवलेला, चीजसारखा मऊ मृत भाग. त्याभोवती लांबट, एकमेकींना चिकटलेल्या मॅक्रोफेज. मध्येच एखादी प्रचंड पेशी, अनेक मॅक्रोफेज एकजीव होऊन बनलेली, तिची केंद्रकं कडेने घोड्याच्या नालेसारखी मांडलेली. बाहेर टी आणि बी पेशींच्या गडद निळ्या ठिपक्यांचं कडं. काही मॅक्रोफेज मेदाच्या थेंबांनी फुगून फेसाळ दिसतात, आणि हा मेद जंतूंना शिधा म्हणून मिळतो.

गाठ घट्ट राहिली तर जंतू आत कोंडले जातात, काही गाठी पूर्ण निर्जंतुकही होतात. पण टीबीच्या जवळच्या नात्यातल्या एका जंतूवर झिब्राफिशमध्ये झालेल्या प्रयोगांत वेगळंच दिसलं: सुरुवातीच्या गाठीत नव्या मॅक्रोफेज येत राहतात, मेलेल्या पेशी गिळतात आणि जंतू त्यांच्यातून पसरतो. माकडांवरच्या अभ्यासांत तर एकाच प्राण्याच्या फुप्फुसात एक गाठ निर्जंतुक आणि दुसरी जंतूंनी भरलेली सापडली. म्हणजे लढाई प्रत्येक गाठीत वेगळी चालते. ‘माझी प्रतिकारशक्ती चांगली की वाईट’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, ते यामुळेच.

६. संसर्ग झाला पण आजार नाही, असं कसं?

जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी हा संसर्ग झाल्याचा अंदाज आहे. त्यांतल्या ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी आजार होतो, आणि बहुतेकदा संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. बाकीच्यांत पेशींनी जंतूंना रोखून धरलेलं असतं किंवा पार संपवलेलं असतं.

याला ‘सुप्त टीबी’ म्हणतात, पण मला तो शब्द अपुरा वाटतो. आत सगळं झोपलेलं नसतं, झटापट चालूच असते. पूर्ण निर्जंतुक झालेल्या माणसापासून ते लक्षणं नसतानाही आजार हळूहळू पुढे सरकत असलेल्या माणसापर्यंत सगळे या एकाच शब्दाखाली येतात.

७. मग फुप्फुसाला पोकळी कोण पाडतं?

मुख्यतः आपल्याच पेशी. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, पण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल (दाहाच्या जागी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) सोडत असलेली काही विकरं फुप्फुसाचा सांगाडा धरून ठेवणारं कोलॅजन तोडतात. मधला मृत भाग पातळ होतो, जवळच्या श्वासनलिकेत फुटतो आणि खोकल्यावाटे बाहेर पडतो. मागे पोकळी उरते. तिथे हवा भरपूर असते आणि पेशींचा पहारा विरळ, म्हणून जंतू तिथे बेसुमार वाढतात. दुसऱ्या माणसापर्यंत पोचण्याचा त्यांचा राजमार्ग हाच.

इथे एक विलक्षण निरीक्षण सांगावंसं वाटतं. फ्लूचा विषाणू आपला चेहरा सतत बदलतो, म्हणजे जुन्या ओळखीवर तो पकडला जात नाही. टीबीच्या जंतूने तसं केलेलं नाही. जगभरातून गोळा केलेल्या जंतूंच्या जनुकांची तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा टी पेशी ओळखतात तेच तुकडे सर्वांत कमी बदललेले आढळले. यावरून बऱ्याच संशोधकांचा तर्क असा, की ओळखलं जाणं या जंतूच्या फायद्याचं असावं: टी पेशी चेतवल्या गेल्या नाहीत तर पोकळी नाही, आणि पोकळी नाही तर प्रसार नाही.

८. ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणं हे जंतूच्या विषामुळे होतं का?

नाही. टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ हे आपल्याच पेशींचे संदेश रक्तातून मेंदूपर्यंत आणि स्नायूंपर्यंत पोचतात, त्याचा हा परिणाम. टीएनएफचं एक जुनं नाव शरीर खंगण्यावरूनच पडलं होतं. जंतूंची संख्या घटली की संदेश उतरतात आणि भूक परत येते.

९. रक्तातल्या अँटीबॉडी तपासून टीबी ओळखता येतो का?

विश्वासाने नाही. बी पेशी अँटीबॉडी बनवतात, त्या काही प्रमाणात उपयोगीही पडत असाव्यात, पण आजारी आणि निरोगी माणसांत त्यांचं प्रमाण इतकं सरमिसळ असतं की निदान चुकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये फुप्फुसाच्या आणि इतर टीबीच्या निदानासाठी अशा चाचण्या वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं. पुढच्या प्रश्नातली रक्तचाचणी निराळी, ती टी पेशींची असते.

१०. मांटू चाचणीत हात सुजला. म्हणजे मला टीबी आहे?

त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या टी पेशींना हा जंतू किंवा त्याचे भाऊबंद आठवतात.

हाताच्या आतल्या बाजूला त्वचेत ०.१ मिली ट्युबरक्युलिन, म्हणजे टीबीच्या जंतूपासून काढलेला अर्क, टोचतात. स्मृती असलेल्या टी पेशी तिथे जमतात, मॅक्रोफेजना बोलावतात, आणि ४८ ते ७२ तासांत जागा कडक होते. मोजायचा असतो तो कडकपणा, लाली नव्हे. सराव असलेला माणूस बॉलपेनचं टोक बाहेरून आत हळू सरकवत नेतो, जिथे ते अडतं तिथे खूण करतो, मग समोरच्या बाजूने तसंच, आणि दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहितो. ट्युबरक्युलिन रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये टीबीवरचा उपाय म्हणून पुढे आणलं होतं. उपाय म्हणून ते फसलं, चाचणी म्हणून टिकलं.

बीसीजी घेतलेल्या माणसातही मांटू पॉझिटिव्ह येऊ शकते. इग्रा ही रक्तचाचणी ही अडचण टाळते: रक्तातल्या टी पेशींना ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं दाखवतात आणि किती इंटरफेरॉन गॅमा सुटतो ते मोजतात. बीसीजीच्या जंतूत ही प्रथिनं नसतात. मात्र संसर्ग आणि आजार यांतला फरक दोन्हींपैकी एकही चाचणी सांगत नाही. त्यासाठी लक्षणं, एक्स-रे आणि बेडक्याची तपासणीच लागते.

११. चाचणी निगेटिव्ह आली आणि तरी टीबी निघाला. चाचणी चुकली का?

ती स्मृती मोजते, जंतू नाही, म्हणून असं होऊ शकतं. कारणं अनेक: संसर्ग अगदी ताजा असणं (प्रश्न ३), एचआयव्ही, तीव्र कुपोषण, नुकताच झालेला गोवर, प्रतिकारयंत्रणा दाबणारी औषधं. टीबी फार पसरलेला असतानाही चाचणी निगेटिव्ह येते, तेव्हा टी पेशी आजाराच्या जागी गुंतलेल्या किंवा थकलेल्या असतात. लक्षणं असतील तर निगेटिव्ह निकालावर निश्चिंत राहू नका.

याची दुसरी बाजूही आहे. रुग्णासोबत वर्षानुवर्षं एकाच खोलीत राहूनही काहींची चाचणी कधीच पॉझिटिव्ह होत नाही. त्यांच्या मॅक्रोफेजनी सुरुवातीलाच जंतू निपटला असेल, किंवा त्यांच्या टी पेशी इंटरफेरॉन गॅमाशिवाय वेगळ्या पद्धतीने प्रतिसाद देत असतील. दुसऱ्या शक्यतेचे पुरावे अशा काही लोकांमध्ये सापडले आहेत.

१२. एचआयव्ही, मधुमेह, संधिवाताची औषधं: यांत टीबीचा धोका का वाढतो?

प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि ते वेगवेगळं समजून घेणंच बरं.

एचआयव्ही थेट सीडी४ पेशी संपवतो, म्हणजे प्रश्न ४ मधला हुकूम देणाराच नाहीसा होतो. अशा रुग्णांत पोकळ्या कमी पडतात, त्यामुळे बेडक्यात जंतू कमी दिसतात आणि निदान निसटतं. जंतू मात्र शरीरभर पसरलेले असू शकतात.

संधिवातासारख्या आजारांत टीएनएफ रोखणारी औषधं देतात. टीएनएफ गेला की गाठीचं कडं सैल होतं आणि कोंडलेले जंतू सुटतात. इन्फ्लिक्सिमॅब या औषधाबाबत हे २००१ मध्ये ठळकपणे समोर आलं. तेव्हापासून अशी औषधं सुरू करण्याआधी टीबीच्या संसर्गाची तपासणी करतात. ती टाळू नका.

मधुमेहात धोका दोन ते तीनपट होतो. वाढलेल्या साखरेने मॅक्रोफेजचं काम मंदावतं आणि टी पेशींचा प्रतिसाद उशिरा, पण नंतर अवाजवी जोरात येतो. सिलिकाची धूळ मॅक्रोफेजना मारते. धूम्रपानाने त्या काजळीच्या कणांनी इतक्या लादल्या जातात की नीट हलूही शकत नाहीत.

बाळांची टी पेशींची यंत्रणा अजून पक्की झालेली नसते, म्हणून एक वर्षाखालच्या बाळाच्या घरात टीबीचा रुग्ण असेल तर त्या बाळाची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

१३. मग प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी काही घेऊ का?

‘वाढवणं’ म्हणजे काय, ते आधी पाहू. टी पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कर्करोगाच्या उपचारात तो काढणारी औषधं देतात, म्हणजे टी पेशी मोकाट सुटून कर्करोगाच्या गाठीवर तुटून पडतात. टाकीची समजूत खरी असती तर टीबी अशा माणसांच्या जवळही फिरकला नसता. प्रत्यक्षात या औषधांनंतर काही रुग्णांत टीबी उफाळला. पीडी-१ नसलेले उंदीरही टीबीने लवकर मरतात. ब्रेक ही इथे गरज आहे.

ड जीवनसत्त्वाबद्दल फार विचारणा होते. मॅक्रोफेजला जंतुनाशक प्रथिन बनवायला ते लागतं, हे खरं. पण मंगोलियात आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांना ते तीन वर्षं दिलं गेलं, आणि २०२० मध्ये निकाल आला: संसर्ग कमी झाला नाही.

पुरेसा आहार ही गोष्ट वेगळी. ती कोणत्याही बाटलीत मिळत नाही, पण तिचा परिणाम ठोस आहे. झारखंडमधल्या एका मोठ्या चाचणीत रुग्णाच्या घरच्यांना पोषण-आधार दिल्यावर त्यांच्यातला टीबी सुमारे ३९ टक्क्यांनी घटला. तो निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

१४. लहानपणी बीसीजी घेतली होती, तरी टीबी कसा झाला?

बीसीजी पहिल्यांदा १९२१ मध्ये माणसाला दिली गेली. काल्मेट आणि गेराँ यांनी गाईंच्या टीबीचा जंतू १३ वर्षं प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला, त्यातच ईसॅट-६ बनवणारा जनुकांचा तुकडा गळून गेला. बाळांना होणाऱ्या मेंदूच्या आणि शरीरभर पसरणाऱ्या टीबीपासून ही लस चांगलं संरक्षण देते. मोठेपणच्या फुप्फुसाच्या टीबीपासून मिळणारं संरक्षण तुटपुंजं आणि जागोजागी वेगळं आहे. त्वचेत टोचलेल्या लशीमुळे फुप्फुसातच मुक्काम ठोकणाऱ्या टी पेशी पुरेशा तयार होत नाहीत, हे त्याचं एक संभाव्य कारण. एम७२ नावाच्या नव्या लशीने, आधी झालेल्या एका चाचणीत, संसर्ग असलेल्या प्रौढांत आजार सुमारे निम्म्याने कमी केला. तिची मोठी चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली.

१५. एकदा बरा झालो की परत होणार नाही ना?

तसं धरून चालू नका. संसर्ग होऊन आजारी न पडलेल्यांना नव्या संसर्गापासून बरंच संरक्षण मिळतं. आजार होऊन बरे झालेल्यांचं तसं नाही. केप टाउनमधल्या एका अभ्यासात पूर्ण उपचार घेतलेल्या लोकांत नव्या जंतूने पुन्हा टीबी होण्याचं प्रमाण तिथल्या इतरांपेक्षा जास्त निघालं. फुप्फुसाला झालेली इजा आणि त्याच माणसाला पुन्हा भोवणारी परिस्थिती, दोन्ही त्यामागे असू शकतात. पुन्हा खोकला लागला तर ‘मला तर होऊन गेलाय’ म्हणून थांबू नका.

१६. उपचार सुरू होऊन महिना झाला आणि मानेची गाठ आणखी वाढली. औषध लागू पडत नाही का?

बऱ्याचदा औषध लागू पडत असतं, आणि गाठ वाढते तीही त्यामुळेच. जंतू फुटतात, त्यांचे तुकडे बाहेर पडतात, आणि सावरलेल्या टी पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. एचआयव्हीची औषधं सुरू केल्यावर सीडी४ पेशी परततात तेव्हा हे अधिक तीव्रपणे घडतं. अर्थात औषधरोधक टीबी किंवा चुकलेले डोसही कारण असू शकतात, म्हणून डॉक्टरांनी पाहायलाच हवं. स्वतःहून गोळ्या बंद करणं हा मात्र सर्वांत वाईट पर्याय.

मेंदूच्या आवरणाच्या टीबीत हाच दाह जीवघेणा ठरतो. कवटीत सूज मावायला जागाच नसते. म्हणून तिथे टीबीच्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. २००४ मध्ये व्हिएतनाममधल्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. नातेवाईक घाबरून विचारतात, “आधीच टीबी, त्यात प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कशाला?” जंतू मारायचं काम गोळ्या करत असतात. स्टेरॉइड पेशींना आवरतं, म्हणजे सुरुवातीच्या काही आठवड्यांत दाह आटोक्यात राहावा.